कुत्रा कोणाचा?

आपल्या भाषेत 'जबाबदारी' हा शब्द फारसीतून आला आणि इतका घरचा होऊन बसला, की त्याच्या पोटातला 'जबाब' आता कुणाला ऐकू येत नाही. जबाबदार म्हणजे जबाब देणारा; कुणी विचारले असता पुढे होऊन "हो, मी" म्हणणारा. सभांतून आणि बक्षीससमारंभांतून हा शब्द पार गुळगुळीत झाला आहे. मला तो पुन्हा खणखणीत ऐकू आला तो यंदाच्या पावसाळ्यात, एका कुत्र्याच्या पिल्लामुळे. आणि मग जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाच्या खोडीला अनुसरून मी त्या पिल्लाची पाळेमुळे शोधीत बराच मागे गेलो.

आम्ही मुलुंडला राहतो, पश्चिमेला, जिथे वस्ती संपते आणि डोंगर चढू लागतो तिथे. आषाढात गल्लीतली एक कुत्री मोटारीखाली गेली. तिच्या पिल्लांपैकी दोन कुणी कुणी नेली, दोन पावसाने नेली आणि उरलेले एक आमच्या नातीने रेनकोटात गुंडाळून घरी आणले. नात नऊ वर्षांची. आमच्या चिरंजिवांनी दारातच विचारले, "हा कुत्रा कोणाचा?"

"आपला."

"आपला म्हणजे कोणाचा?"

यावर ती गप्प झाली. पिल्लू मात्र कुंईकुंई करीत होते. मुलाने मग हुकूम सोडला: "राहू दे. पण तो घाण करील ती तू पुसायची, त्याचं खाणं तू बघायचं, आणि कुणी काही विचारायला आलं तर दार तू उघडायचं." यातला तिसरा भाग त्याने सहज म्हणून जोडला असावा. मला मात्र तोच महत्त्वाचा वाटला, कारण हा प्रश्न माझ्या मुलाहून फार जुना आहे.

तो महाभारताइतका जुना आहे. आपण महाभारतातला कुत्रा म्हटला की धर्मराजाच्या मागून हिमालय चढणारा शेवटचा कुत्रा आठवतो. पण आदिपर्वाच्या आरंभी पौष्यपर्वात एक पिल्लूही आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढीत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजय आणि त्याचे भाऊ यज्ञ करीत असतात. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू तिथे येते. भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आता आई काय म्हणते पाहा! ती आधी यज्ञमंडपावर धावून जात नाही. ती पोरालाच विचारते, "तू काहीतरी आगळीक केली असशील, म्हणून मारले." पिल्लू सांगते, मी काही केले नाही, हवीकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे तर दूरच. एवढी खातरजमा झाल्यावर मग सरमा राजापुढे उभी राहते आणि विचारते: माझ्या मुलाने अपराध केला नव्हता, मग का मारलेत? राजबंधू काही बोलत नाहीत. त्या न बोलण्यावर ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल. जनमेजय एवढा घाबरतो, की शाप निवारणारा पुरोहित शोधीत हिंडतो. जबाब न देण्याची ही शिक्षा. मारणे तर होतेच. पण विचारल्यावर गप्प बसणे, हे त्यावर कडी करणारे होते.

ही गोष्ट नातीला सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्या पिल्लाचं नाव काय होतं?" सारमेय म्हणजे नुसता सरमेचा मुलगा. ते तिला पसंत पडले नाही. मग मी तिला सातारच्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला होता. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवले आहे, की एकदा महाराजांनी त्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने चढवले, दरबारात स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. डफसाहेबाला हा चक्रमपणा वाटला. मला त्यातली गंमत निराळी वाटते. पालखीचा सारा सरंजाम खरोखरच राखला गेला, म्हणजे कुत्र्याच्या पालखीला भोई आले, त्यांच्या पगाराची नोंद आली. राजाने कुत्रा 'माझा' म्हटला की त्याचे खाणे-पिणे कुणाला तरी हिशेबात धरावे लागते. सातारजवळ संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याचे नाव खंड्या. आमच्या पिल्लाचे बारसे तिथेच झाले.

आमच्या खंड्याला पालखी नव्हती. रद्दीची चळत मात्र होती. पहिल्या आठवड्यात तिने किती कागद अंथरले आणि उचलले याची गणती नाही. सोसायटीतल्या साऱ्या बायांनी प्रेमाने वाट्यावाट्या दूध पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी पिल्लाला हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांनी (आता त्यांना असे म्हटलेले त्यांना आवडत नाही) दूध साफ बंद केले. गाईम्हशीचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. मऊ भात, उकडलेले अंडे, थोडे थोडे चार वेळा, आणि पाणी सदैव. जंतांचे औषध. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून एकेक लस, आणि पिसाळण्याविरुद्धची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर रस्त्यावर नेणे नाही. चॉकलेट, कांदा, द्राक्षे नाहीत. आणि दिवाळीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे, बेदाणे नाहीत, म्हणून लाडूही नाही. सगळे तिने वहीत लिहून घेतले. रात्री ते रडे तेव्हा ती उठे. सकाळी शाळेत पेंगे. तिच्या आईची यावर काय मते होती ती इथे देत नाही.

याच दिवसांत तिने विचारले, "आजोबा, पूर्वी मुंबईत कुत्रे कुणाचे असायचे?" हा प्रश्न मुंबईला एकदा चांगलाच भोवला आहे.

गोष्ट १८३२ सालची. कुत्रे पिसाळतात म्हणून उन्हाळ्यात ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारावीत, असा सरकारी नियम १८१३ पासून होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळे. आणि जिथे नगावर बक्षीस असते तिथे मोकाट कोण नि पाळीव कोण हे पाहत बसायला फुरसत कुणाला? शिपाई लोकांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात जागा आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. त्यात ६ जून हा त्यांचा सणाचा दिवस. कोटात लोकांनी कुत्री पकडणाऱ्यांना गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. फौजेकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सैन्य बोलवावे लागले आणि पुष्कळांना पकडले. सर जमशेटजी जीजीभाई (तेव्हा ते 'सर' झाले नव्हते) आणि इतर प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. मुंबईतला हा पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक, आणि तो कशावरून? तर आमच्या दारातल्या कुत्र्याला 'कोणाचा नाही' असे तुम्ही परस्पर कसे ठरवलेत, यावरून.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. दंगा करणे सोपे. दंग्यानंतर त्याच जनावरांना रोज खाऊ घालण्याची सोय करणे कठीण. शेठलोकांनी दुसरे केले, म्हणून त्यांच्या पहिल्या तक्रारीला वजन आले असे मला वाटते. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आणि त्याच्या जोडीला, १८८६ मध्ये, पशुवैद्यक महाविद्यालय निघाले.

हे सगळे झाले मुंबई बेटावर. आमची उपनगरे तेव्हा साष्टीतली खेडी. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली आणि मुलुंड यायला १९५७ उजाडले. खेड्यात 'कुत्रा कोणाचा' हा प्रश्नच नसतो. तो आळीचा असतो. शिळी भाकरी सारे घालतात आणि रात्री तो साऱ्यांसाठी भुंकतो. शहर आले म्हणजे मात्र कुत्र्याचे दोन भाग होतात: ज्याच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला तो कुणाचा तरी, आणि ज्याच्या गळ्यात नाही तो पकडण्याच्या गाडीचा. त्या गाडीची जाळीदार खडखड माझ्या पिढीच्या कानात अजून आहे. गाडी आली की आम्ही पोरे आपापल्या बनियनच्या नाड्या, शाळेचे पट्टे, सापडेल ते आळीतल्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधीत धावायचो. कुणी विचारले तर सांगायचे, "हा आमचा." दुसऱ्या दिवशी मात्र तो पुन्हा आळीचा.

मुंबईत अशी कुत्री मारणे १९९४ मध्ये थांबले. इतकी दशके मारूनही ती कमी झाली नव्हती, ही त्यातली खरी मेख. एक जागा रिकामी झाली, कचरा तसाच राहिला, की दुसरी येतात आणि वितात. २००१ च्या केंद्रीय नियमांनी निराळी वाट धरली: पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची आणि उचलले तिथेच सोडायचे. २०१४ च्या गणतीत मुंबईत ९५,१७२ मोकाट कुत्री भरली. अंधेरीच्या बाजूला विमानतळाबाहेरच्या काही कुत्र्यांच्या गळ्यात २०२३ साली सांकेतिक चौकोन छापलेले बिल्ले बांधले. त्यावर मोबाइल धरला की त्यांचे नाव नि लशीची हकीकत कळते. आमच्या बनियनच्या नाडीची ही सुधारलेली आवृत्ती.

डोंगराकडच्या आम्हा लोकांत मात्र या प्रश्नाला आणखी एक हक्कदार आहे, तो म्हणजे बिबट्या. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान एका अंगाने बोरिवलीला आणि दुसऱ्या अंगाने मुलुंडला टेकलेले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथले पस्तीसच्या आसपास बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात असा अंदाज मांडला होता. त्याच वर्षी जानेवारीत नानेपाड्यात बिबट्या शिरला आणि सहा माणसे जखमी झाली. तेव्हा दिवेलागणीनंतर पिल्लू अंगणात ठेवायचे नाही, आणि उरलेले अन्न कुंपणाबाहेर टाकायचे नाही, कारण अन्नामागे कुत्रे येते आणि कुत्र्यामागे तो. नातीने वहीत हेही लिहिले आणि खाली प्रश्नचिन्ह काढले. तिच्या मते बिबट्यालाही कुणीतरी समजावून सांगायला हवे होते.

आणि एका रात्री मी तिला योसेफ माइस्टरची गोष्ट सांगितली. अल्सास प्रांतातला नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे तिच्याच वयाचा. ४ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे आली. पाश्चरने तोवर लस कुत्र्यांवर करून पाहिली होती. आणि तो डॉक्टर नव्हता, त्यामुळे सुई टोचली ती दुसऱ्याने. ६ जुलैपासून तेरा सुया. मुलगा जगला आणि मोठेपणी पाश्चरच्याच संस्थेत रखवालदार झाला. आपल्याकडे १९०० साली कसौलीला ही संस्था निघाली. तिथल्या सेंपलने केलेली लस परळच्या हाफकिन संस्थेतही होई, आणि तीच ती पोटातली चौदा इंजेक्शने! माझ्या लहानपणी कुत्र्यापेक्षा त्या चौदांचीच भीती मोठी होती. त्या भीतीने चावल्याचे न सांगणारी पोरे मी पाहिली आहेत. मज्जापेशींपासून केलेली ती लस २००४ मध्ये भारतात बंद झाली. आता दंडावर चार वेळा बारीकशी सुई. पण रोग एकदा अंगात बोलू लागला की त्यावर तेव्हा उपाय नव्हता आणि आजही नाही म्हटले तरी चालेल.

या गोष्टीनंतर आठवडाही झाला नसेल. श्रावणातली दुपार. जिन्याखाली पहारेकऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा खंड्याशी खेळत होता. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. खेळता खेळता त्याच्या बोटाला दात लागला आणि रक्ताचा थेंब आला. पोराने बोट तोंडात घातले आणि खेळ पुढे चालू. पाहणारी एकटी आमची नात. पिल्लाला ती लस अजून टोचलेली नव्हती, त्याचा तिसरा महिना भरायचा होता. आणि हे वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेले. तोंड उघडले तर पिल्लू घरात राहील याची खात्री नाही, हे तिला माझ्याइतकेच कळत होते. सोसायटीच्या चिटणिसांनी आधीच दोनदा खाकरून विचारपूस केली होती.

ती वर आली ती पायात चप्पल तशीच. "आजोबा, खंड्याचा दात लागला. रक्त आलं. मी बघितलं." एवढे बोलून रडायला लागली, पण रडत रडतच खाली परत गेली, त्या मुलाचा हात धरून नळाखाली नेला आणि साबण मागितला. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची असते. पोर वैतागले, पाणी वाया जाते म्हणून कुणीतरी ओरडले. तिने घड्याळ माझ्या हातात दिले होते. मी मोजीत होतो.

मग मुलाची आई, आमचे चिरंजीव आणि ही, असे सरकारी दवाखान्यात गेले. रक्त आले होते म्हणून जखमेभोवती एक वेगळे औषध आणि दंडावर पहिली सुई. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर: तो खातोपितो ना, वागण्यात फरक पडत नाही ना. दहा दिवस तो ठणठणीत राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विष नव्हते असे धरता येते. डॉक्टरांनी विचारले, "कुत्रा कोणाचा?" चिरंजीव तोंड उघडणार तेवढ्यात खालून आवाज आला, "माझा."

त्या दहा दिवसांतले आमचे घर मी विसरणार नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिने रोज एक फुली मारली आणि शेजारी लिहिले: भात खाल्ला, पाणी प्यायला, शेपूट हलवली. पाचव्या दिवशी पिल्लू जरा मलूल पडले तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलेना. संध्याकाळी त्याने माझा एक जोडा कुरतडला, आणि त्या जोड्याबद्दल मला कधी नव्हे इतका आनंद झाला. चिटणीस आले, तेव्हा ठरल्याप्रमाणे दार तिने उघडले. त्यांना तिने कालनिर्णय दाखवला. ते बराच वेळ वाचीत उभे राहिले आणि "दहावा दिवस झाला की मला कळव" म्हणून गेले. पहारेकऱ्याच्या बायकोने मात्र तोंड सोडले, आणि तिचे बरोबर होते. तिच्या पोराला चार सुया खायच्या होत्या. मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली. तिसऱ्या सुईला त्याच बाईने जिन्यातून हाक मारली, "चल, येतेस ना?" चौथीला तर तो पोरगा तिच्याशिवाय निघेना, कारण ती सुई टोचताना त्याला खंड्याच्या नवनव्या भानगडी सांगे.

दहावा दिवस आला आणि गेला. पिल्लू उड्या मारीत होते. सप्टेंबरात त्याचा तिसरा महिना भरला आणि त्याला लस टोचली. लशीचा दाखला मिळाल्यावर महापालिकेच्या परवान्याचा अर्ज भरायला घेतला. मालकाच्या रकान्यात चिरंजिवांचे नाव गेले. नऊ वर्षांच्या मुलीचे कसे घालणार? तिने कागद वाचला आणि म्हणाली, "म्हणजे बाबाचा?" कायदा तिला समजावून सांगावा म्हणून मी चष्मा शोधू लागलो. तिने माझी वाट पाहिली नाही. तिने डॉक्टरांकडची लशींची पुस्तिका आणून टेबलावर उघडून ठेवली. त्यात मालकाच्या नावापुढे पहिल्याच दिवशी तिने पेन्सिलीने आपले नाव लिहिले होते, आडनावासकट. डॉक्टरांनी ते खोडले नव्हते. सप्टेंबरातली सही आणि शिक्का त्यांनी त्याच्याच खाली मारला होता, आणि पुढल्या वर्षीची तारीख शेजारी घातली होती.